वगळलेल्या नोंदी

तीन वाजून दहा मिनिटं.
ओउलु शहरात बाहेर उणे सव्वीस
आणि आलेखावर सहा वर्षांच्या ओन्नीची साखर
टेकडीवरून सुटलेल्या घसरगाडीसारखी खाली.

तूलिक्की हन्निकाइनेन हे पाहते आहे
दोन महिन्यांनी, दिवसाउजेडी,
कॉफी गार होऊ देत.
तिला ठाऊक आहे, हा उतार खोटा.
पोर कुशीवर वळलं, दंडावरचा सेन्सर
अंगाखाली दबला,
यंत्र घाबरलं. एवढंच.
रक्तात सगळं ठीक होतं.

असे एकशे चौदा उतार.
शोधनिबंधात त्यांना मिळून एक शब्द : वगळले.

पण टपालाने ओन्नीच्या आईची वहीही आली आहे,
चौकटीच्या कागदाची, पानांवर रसाचे डाग.
‘सेन्सर म्हणे २.९. बोट टोचलं, ५.८.
तरी अर्धा कप लिंगनबेरीचा रस दिला.
झोपेतच प्यायला.
मी मग पडून राहिले, त्याचा श्वास मोजत.’
दुसऱ्या रात्री जवळपास हेच.
तिसऱ्या रात्री नुसतं ‘पुन्हा’.

आकडेमोड माझ्याकडे असते. मी सहज बोलून गेलो :
आमच्या भाषेत पहाटेच्या झोपेला
साखरझोप म्हणतात.
तूलिक्की हसली नाही.
‘कुणाच्या?’ तिने विचारलं,

आणि खुर्ची ओढून माझ्या तक्त्यात
शेवटी एक रकाना वाढवला.
त्याला नाव अजून दिलेलं नाही.
एकक : मिनिटं.