बिननावाची कळ

म्हापशाहून निघाले तेव्हा स्कूटरच्या डिकीत होतं
एक जुनं ट्यूनर कार्ड, फडक्यात गुंडाळलेलं,
आणि तीन पायांचा, काळ्या वालाएवढा एक डोळा
जो आपल्याला न दिसणारा उजेड पाहतो.

चोपड्याला पात्रांव बाबुसो हळर्णकरांचं घर
पुलाच्या इतकं पायथ्याशी, की वरून ट्रक गेला
की फडताळातले पेले आपसात बोलतात.
बत्तीस वर्षं फेरीबोट. शिवोली, चोपडें, शिवोली.
"हिशेब मांडलेला एकदा," म्हणाले,
"नदीला आडवा जाऊन जाऊन
लिस्बनला नऊदा जाऊन आलो असतो."

कॉम्प्युटर भाच्याचा, तो गेला स्विंडनला.
लिनक्स घातलंय, कारण त्याला पैसे पडत नाहीत.
टीव्ही भंगारात गेला, रिमोट राहिला
उशीखाली, रबरबँड लावून.

कर्नेलने कार्ड ओळखलं नाही.
अनोळखी, एवढंच म्हणालं, आणि पुढे गेलं.
मग मीच आकडे सांगत बसले: चौतीस असशील. पस्तीस?
सदतिसाव्याला पडद्यावर मुंग्या आल्या
आणि मुंग्यांतून पणजीच्या बातम्या.

रिमोटचं तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरलं.
कळ दाबली. जांभळा ठिपका.
"काजुलो!" पात्रांव हसले,
आणि सेल संपेल म्हटलं तरी दाबत राहिले.

यंत्र म्हणालं, एकेक कळ दाबा, सोडू नका.
त्यांनी दाबली ती धक्का लागेपर्यंत सुकाणू धरावं तशी.
ठिपके, ठिपके, पडदाभर ठिपके.
कळीवरची अक्षरं कधीच पुसलेली,
अंगठ्याला मात्र सगळं पाठ.
यंत्राकडे प्रत्येक कळीचा फक्त आकडा असतो,
नाव आपण द्यायचं असतं.
ही आवाज चढव. ही आवाज उतरव.
ही, मासळीवाली आली की बातम्या आहेत तिथे थांबव,
बांगड्याचा भाव ठरला की तिथूनच पुढे.

शेवटी उरली एक, डावीकडे खाली.
पूर्वी टेलिटेक्स्टची असावी. आता कशाचीच नाही.
"हिला काय नाव लिहू?"
ते उठले. बिस्किटांच्या डब्यातून कॅसेट काढली.
बोटीचा शेवटचा दिवस: इंजिन, फळीची साखळी,
कुणाची तरी मोटारसायकल सुरूच होत नाहीये,
आणि मग भोंगा.
"बोट खात्याने नेली. भोंग्याचं काय केलं,
ते मला कोणी सांगितलं नाही."

दीड सेकंद कापून घेतला. खरखर राहू दिली.
फाइलीत चार ओळी: ही कळ, हा प्रोग्रॅम, हे वाजव.
"दाबा."
दाबली, आणि भोंगा वाजला तीनदा.

चूक माझीच होती. बोट उठेपर्यंत रिमोट
तेच तेच सांगत राहतो, आणि त्यांचं बोट
आता सावकाश उठतं.
एक ओळ घालायची, त्यात एक शून्य.
लिहायला वाकले, तर मनगट धरलं माझं.
"आसूं दी गो."
मग, न समजल्यागत मी पाहत राहिले म्हणून:
"एक लांब म्हणजे निघालो.
तीन आखूड म्हणजे इंजिन उलटं फिरतंय,
बोट मागे येतेय."

पैसे दिले मोजून. वर सुक्या गालम्याची पुडी.
पुलाच्या मध्यावर आले तेव्हा
खालून, शापोरेच्या काळोखातून, वाजलं.
पुढचा टेम्पोवाला उगाच कडेला झाला.
मी थांबले नाही. डिकीत गालमो वास सोडत होता,
आणि आठवलं, त्यांना सेल कोणते घालायचे
ते सांगायचं राहिलंच.