उरलेल्या सकाळी

लिलावात दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही.
वेइक्कोने हात वर केला तो कान खाजवायला,
असं तो अजून सांगतो.
पदरी पडलं, पवित्र झालं.
सहा टनांचं, हिरवं, नाक नसलेलं धूड
कुह्मोच्या आमच्या अंगणात
बर्चला आरसा घासत उभं राहिलं,
आणि कुत्रा तीन दिवस कोठारातून बाहेर आला नाही.

पाठीवर रेडिओची पेटी. खोलीच म्हणा ना,
दोन माणसं, चार यंत्रं आणि एक युद्ध मावेल एवढी.
युद्ध आलं नाही.
तीस वर्षांत एकोणीस हजार किलोमीटर,
सगळे सरावाचे. गेलं, परत आलं.

मग दोन हिवाळे भिजत घोंगडं.
गंजाचं कसं असतं,
पापुद्रा म्हणून नखाने काढायला जावं
तर बोट आरपार.
आह्ती वेल्डिंगला यायचा, पैसे घ्यायचा नाही,
पण प्रत्येक जोडामागे एक सल्ला द्यायचा.
पैसे परवडले असते.

वेइक्कोला आत सौना हवी.
मी म्हणाले, या पेटीत माणूस वळला तर कोपर उकळेल.
शेवटी तडजोड झाली: शेगडी लहान,
पण तिच्यावर सात दगड.
बंदुकांच्या खाचांत आता गळाच्या काठ्या बसतात,
जणू त्यांच्याच मापाच्या.

मला खिडकी हवी होती.
तेवीस वर्षं मी कायानीची बस चालवली,
काचेशिवाय मला श्वास लागतो.
पण चांगल्या पत्र्याला भोक पाडायला त्याचा हात धजेना.
पेन्सिलीने चौकोन आखायचा, पुसायचा,
पुन्हा आखायचा, दोन बोटं डावीकडे.
एका मंगळवारी तो दुकानात गेला
आणि मी करवत घेतली.

आधी आतलं प्लायवूड उचकटलं.
पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं:
८७ सकाळी. पेल्कोनेन.

इथे सैन्यात मुलं दिवस मोजत नाहीत,
उरलेल्या सकाळी मोजतात.
कोण हा पेल्कोनेन, अठ्ठ्याऐंशीवी कशी गेली त्याची,
इथे, या कोंदट डब्यात, कानाला यंत्र लावून,
सीमेपलीकडचं काही ऐकू येत नाही हे ऐकत?
वेइक्को दूध आणि स्क्रू घेऊन आला,
भोक पाहिलं, काही बोलला नाही.
अक्षरं पाहिली.
मग म्हणाला, माझ्या शेवटच्या सकाळी
मी जागाच झालो नाही. सार्जंटने बादली ओतली.

सगळीकडे लोकर भरली, दोन थर,
छतात, दारात, चाकांवरच्या कमानींत.
तेवढी तळहाताएवढी जागा उघडी ठेवली.
तिथूनच थंडी येते.
रात्री माझा खांदा बरोबर तिथे येतो.

तपासणीच्या माणसाने फॉर्म उलटसुलट केला.
ट्रक म्हणावं तर पडदे आहेत,
घर म्हणावं तर पुढे ओढण्याचा हूक.
पडदे कुणी शिवले, त्याने विचारलं.
वेइक्को म्हणाला, मी.
शिक्का मिळाला.

सप्टेंबरात निघालो, ताशी साठ,
मागे गाड्यांची रांग, लाज वाटायची वळणांवर.
मग डांबर संपलं, लाकूडतोडीचा रस्ताही संपला,
आणि त्याने पहिल्यांदाच चारही चाकं जोडली.
दलदलीतून ते धूड असं चाललं
की मी डोळे मिटून
डॅशबोर्डाला "हळू गं, बाई" म्हणाले.

पहाटे खिडकीत एक रेनडिअर.
बंपरवरचं रस्त्याचं मीठ चाटत होतं, सावकाश,
आम्ही म्हणजे कुणीच नाही असं.
दगडांवर पाणी टाकलं, काच धुक्याने भरली, ते गेलं.

एक बटण मात्र अजून उलगडलेलं नाही,
स्टिअरिंगच्या डावीकडे, नाव खरवडलेलं.
दाबलं की खाली कुठेतरी टक् वाजतं.
काही पेटत नाही, काही विझत नाही.
आह्तीलाही कळलं नाही, हे विशेष.
रोज सकाळी एकदा दाबतो.
एक दिवस तो, एक दिवस मी.