सातवा रकाना

गुरुवारी समुपदेशक येतात पांढरकवड्याहून
साडेदहाच्या एसटीनं. एसटी आली तर.
मी महिन्यातून एकदा, रजिस्टर तपासायला.

सातवा रकाना: नाव नोंदल्यापासून
पहिल्या बैठकीपर्यंत किती दिवस.
नऊ. चौदा. अकरा.
सरासरी बरी आहे, वर कळवण्याजोगी.

मग पेन्सिलीनं एक नाव:
जंगू टेकाम, बत्तीस, झोप नाही.
सातवं घर कोरं.
कोरं घर बेरजेत धरत नाहीत.

छबू सिस्टर म्हणते, "ते तीनदा येऊन गेली ना, मॅडम.
एकदा साहेब सुट्टीवर,
एकदा त्यायच्या खोलीत लसींचे डबे ठेवले होते,
एकदा वेचणी सोडून आली,
त साहेब बसमंदी बसून गेले होते."

"मंग?"

"मंग काय. आता पुसलं त म्हणते, बरी हाय मी."

पंखा रजिस्टरची पानं उलटत राहिला.
मी हात ठेवला पानावर
आणि कोऱ्या घरात पेनानं लिहिलं:
एकशे सहा. अजून चालू.

सरासरी बिघडली.

ड्रायव्हरला विचारलं, चिचपोड किती लांब?
"जवळच हाय," तो म्हणाला.

इथं सगळंच जवळ असते.