मूगु

डॉक्टरीणबाई नाक चाचपून म्हणाल्या,
‘मूगु गट्टी आगेद.’
खानापूरची माणसं आम्ही, कळतं : नाक टणक झालंय.
तरी कानात मूग पडले, आणि गट्टी.

दोन वर्षं खपल्या, रक्त,
आवाज रांजणातून आल्यासारखा.
चिखल मळताना वासावरून सांगायचो
कौलाला चालेल की नाही.
आता बायको सांगते, तीही अंदाजानं.

स्क्लेरोमा, म्हणाल्या, अन् सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला.
जांभळटात फुगलेल्या, फेसाळ पेशी :
जंतू गिळतात, पचवता येत नाहीत,
ते आत जिवंत, भोवती मांस दगडावतं.
म्हणजे मूग गिळून बसल्यात, मी म्हणालो.
त्या हसल्या. मग थांबल्या.
‘किती दिवस अंगावर काढलंत, सातेरी?’

माती भट्टीत घट्ट होते, एका रात्रीत.
हे बिनजाळाचं.
उतरायला महिनोन् महिने गोळ्या,
मध्येच सोडायच्या नाहीत.

परतताना बसमध्ये कुणाच्या तरी भट्टीचा धूर शिरला.
सगळे खोकले.
कसला गं? मी विचारलं.
ओल्या काजूच्या फाट्यांचा, ती म्हणाली.
मी मान हलवली,
वास आल्यासारखी.