त्रेचाळीस नावांची यादी

सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाईंनी
यादी दिली, त्रेचाळीस नावांची,
आणि म्हणाल्या, "तिघं गेलेत. खोडायचं राहिलंय."
ती मी स्कूटीच्या डिकीत ठेवली
फडक्याशेजारी,
आणि एप्रिलच्या भर दुपारी निघालो
विजापूर रोडनं, माणसं मागायला.

बंब आहेत, माणसं कमी आहेत.
एवढंच वाक्य पाठ करून गेलो होतो.
पगार नाही, हे दुसरं वाक्य
तिसऱ्या घरापासून आधी सांगू लागलो.

हवालदार दुधनीकर एटीएमच्या दारात बसतात,
बारा तास, प्लास्टिकच्या खुर्चीवर.
"इथं मी काय राखतो, माहीत आहे का बे?
एसीची हवा. बाहेर पळू नये म्हणून."
माझ्याच पेनानं सही केली
आणि पेन स्वतःच्या खिशाला लावलं.

बिराजदारांच्या दारात मात्र
त्यांची बायको उभी राहिली आडवी.
"भांडं पडलं तरी हे अंथरुणात उठून बसतात.
आणि तुम्ही सायरन घेऊन आलात?"
याला माझ्याकडे वाक्य नव्हतं.
तिनं ताक दिलं. मी प्यायलो.
अर्ज घडीतून काढलाच नाही.
गेटपर्यंत बिराजदार मागून आले, चप्पल न घालता:
"इंजिनं बघीन मी. दिवसा. घंटा वाजायच्या आत घरी."

रविवारी सहाची वेळ दिली होती.
मी सहा दहाला पोचलो.
पाच जण पावणेसहापासून उभे, ओळीत.
कोणी काही बोललं नाही.
लान्स नाईक मौला नदाफ यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

धुरात खाली वाकायचं, हे शिकवायला तोंड उघडलं
तर सगळे आधीच कोपरांवर.
अडलं ते वेगळ्याच जागी.
पाइप धरून थांबले. थांबूनच राहिले.
"हुकूम कोणाचा?"
मी एकतीस वर्षांचा. घरी बायकोसुद्धा
माझं ऐकून भाजी करत नाही.
"माझा," म्हणालो,
आणि आवाज मध्येच चिरकला.
"जी साहब," म्हणाले पाचही जण,
एकही न हसता.

टॉवेलच्या कारखान्याला आग लागली
ती रात्री अडीचला, अक्कलकोट रोडला.
तासाभरात ज्वाळा बसल्या.
मालक हात जोडू लागला, आम्ही पाइप गुंडाळू लागलो.
नदाफ आतच.
एका गाठीवर तळहात ठेवून उभे,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"थांबा साहेब. माझा बाप कापूस पिंजायचा.
कापूस विझत नाही. गप्प बसतो."

मग फोडल्या गाठी, एकेक,
आकड्यांनी, नखांनी.
पहिल्या वीसेकांत काही नाही. मालक कुरकुरला,
माल भिजतोय म्हणाला.
माझं मन डळमळलं, पण हुकूम माझा होता.
"फोडा," म्हणालो. या वेळी आवाज चिरकला नाही,
की चिरकला, आठवत नाही.
एकतिसाव्या गाठीच्या पोटात
बोराएवढा लाल निखारा,
आमच्याकडे बघत.

उजाडलं तेव्हा आम्ही नालीच्या कठड्यावर,
चहा, पाव, भुवयांवर कापसाची पांढरी लव.
सगळेच एकाएकी म्हातारे दिसत होतो, मीही.
दुधनीकर म्हणाले, "यादी आण."
खिशातून माझं पेन काढलं.
तीन नावांपाशी थांबले,
प्रत्येक आधी मनाशी वाचलं, ओठ हलवून,
मग सरळ रेघ मारली, पट्टी लावल्यासारखी.
तिसरं खोडताना म्हणाले, "हा माझ्या तंबूतला."
मी काही विचारलं नाही.

मग तळाशी, मोकळ्या जागेत,
एक नाव लिहिलं: व्यंकटेश चिलवेरी.
"हा फौजेत नव्हता, होमगार्डात होता.
धावता येत नाही. पण रात्रभर जागतो,
आणि चहा यापेक्षा बरा करतो."

यादी मला परत दिली.
पेन खिशाला लावलं.