डोंगरात निजणारा

टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटापाशी,
बेकरीच्या वरच्या खोलीत
आठ महिने झाले, मी एक डोंगर करतेय.
जपानचा. कधी न पाहिलेला.
खाली खारी भाजतात, वर मी बर्फ पाडते.

या डोंगरावर यामाबुशी चढतो.
शब्दाचा अर्थच म्हणे डोंगरात निजणारा.
कपाळावर इवलीशी काळी टोपी, कमरेला शंख.
कड्यावरून त्याला उलटं धरतात
आणि पापं कबूल करायला लावतात.
पापं मी लिहिली, सात.
चौथं माझं स्वतःचं आहे,
अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

वर झाडात तेंगू, हातभर नाकाचा,
वाट फिरवून ठेवणारा.
खेळणारा चुकतो, मरतो,
बटण दाबलं की दगडी दिव्यापाशी
पुन्हा उठतो, कपडेसुद्धा न मळता.

शंखाचा आवाज हवा होता,
आणि ओल्या पाचोळ्यावर अनवाणी पायांचा.
म्हणून जांबोटीवरून कणकुंबीकडे गेले.
वाटेत एका गावाची पाटी
इतक्यांदा रंगवलेली, पुसलेली, परत रंगवलेली
की अक्षरांच्या जागी नुसती जाडी उरलेली.
धुक्याला ती वाचायची गरज नव्हती.

भरमू घाडी तिथला.
राईच्या तोंडाशी गाऱ्हाणं घालतो.
मोबाइलवर तेंगू दाखवला तर
चष्मा धोतरानं पुसून त्यानं नाक नीट पाहिलं.
"चकवाच की आमचा.
आमच्याला नाक तेवढं न्हाई.
तोंडच न्हाई, तर नाक लावतील कुठं?"

मग विचारलं, त्याच्यातनं सुटत्यात कसं?
मी म्हटलं, बटण दाबून.
तो हसला नाही.

"चकवा लागला की चालायचं न्हाई, बाई.
चालशील तेवढं त्याचंच.
सदरा काढून उलटा घालायचा, खाली बसायचं,
कोंबडा आरवंपर्यंत डोंगराला सांगत ऱ्हायचं,
मी हितंच हाय,
मी हितंच हाय."

शंख त्यानं तीनदा फुंकला.
तिसऱ्यांदा दम संपला, खोकला आला.
तो खोकला मी कापला नाही.

परत आल्यावर डोंगरात एक जागा वाढवली.
धुकं येतं, वाट वाटेलाच येऊन मिळते,
कुठलंही बटण दाबा, धुकं दाट होतं.
पळा, आणखी दाट.
हात काढून घेतले आणि तीन मिनिटं
काहीच केलं नाही,
तरच लांब कुठेतरी कोंबडा आरवतो.
(कोंबडा भरमूच्या शेजारणीचा.
आरवायला त्याने अर्धा दिवस घेतला.)

इराण्णा आमचा, खेळून चुका शोधणारा.
म्हणाला, "मॅडम, हितं गेम अडकालाय."
अडकत नाही, म्हटलं.
"मग त्यो गडी काय करालाय तिथं?"
बसलाय.
"नुसता?"
नुसता.
त्यानं वहीत लाल पेनानं लिहिलं, चूक क्रमांक दोनशे बारा,
आणि ओसाकाला कळवून टाकलं.

तिकडून अजून उत्तर नाही.
कदाचित काढून टाकतील.
तीन मिनिटं फार असतात,
लोक पैसे देऊन खेळतात, बसायला नव्हे.

काल चार्जर विसरला म्हणून रात्री परत गेले.
खोलीत दिवा नव्हता. पडद्यावर पांढरं धुकं,
त्याच्या उजेडात इराण्णा,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला.
ओठ हलत होते, कानडीत की कशात, ऐकू आलं नाही.
खांद्यावर शर्टाची शिवण दिसली,
आणि मानेमागे कंपनीची चिठ्ठी, बाहेरून.

चार्जर तसाच राहू दिला.
खाली भट्टी पेटायला
अजून दोन-अडीच तास होते.