चार मिनिटं

गळ्यात पास, लाल दोरीचा.
शिरोलीच्या फौंड्रीचा मालक म्हणून ओळख निघाली
आणि चार मिनिटांत अंबाबाई.
"बघा, नीट बघा," पुजारी म्हणाले.
बघितलं. हार, मळवट,
खिशात थरथरणारा फोन.

लोखंडी कठड्यापलीकडं मोठी रांग.
रांगेत शेवंताक्का.

मी उद्यमनगरात लेथवर होतो,
तेव्हा पहिल्या भट्टीसाठी हिनंच पाटल्या मोडल्या.
ते पैसे मी परत केले,
व्याजासकट, चेकनं.
वहीत तिच्या नावापुढं लिहिलं, "चुकते".
त्या दिवाळीपासनं ती आली नाही.
मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

याच रांगेत आम्ही तीन-तीन तास काढलेत.
ती शेंगा सोलायची,
दाणे माझ्या हातावर, टरफलं स्वतःच्या ओट्यात.
कुणाचंही रडकं पोरगं कडेवर घ्यायची.
आणि उंबऱ्याशी पोचलो की
काय मागायला आलोय तेच आठवायचं नाही.
नुसतं हसू यायचं दोघांना.

आज तिनं मला बघितलं.
पदर सारखा केला,
परका माणूस समोर आला की करतात तसा.
मी हात वर केला.
तेवढ्यात रांग सरकली.

बाहेर चपला राखणारी म्हणाली,
"झालं पण दर्शन? एवढ्यात?"
मी पास काढून खिशात घातला.
रांगेचं शेपूट पार भवानी मंडपापर्यंत गेलेलं.
तिथवर चालत गेलो,
एका म्हाताऱ्याच्या मागं उभाही राहिलो.

मग फोन वाजला.